एकदा तोंडाने म्हणा

ठाणे कोर्टाबाहेर बसणारा तो टाइपिस्ट मला एकदाच भेटला. माझ्या मुलाने वागळे इस्टेटमध्ये एका रिक्षाला गाडी ठोकलेली. रिक्षावाल्याचा पाय दोन ठिकाणी मोडला होता आणि मुलगा दारू प्यायलेला होता, असं पोलिसांचं म्हणणं होतं. जामिनासाठी माझं प्रतिज्ञापत्र हवं होतं. मजकूर वकिलांनी लिहून दिलेला.

टाइपिस्टची एक सवय मला विचित्र वाटली. एक वाक्य टाइप केलं की तो हात मांडीवर ठेवून थांबायचा. "ताई, एकदा तोंडाने म्हणा. आत साहेबांनी विचारलं तर कागद बोलत नाही, माणसाला बोलावं लागतं."

मी म्हणत गेले. आम्ही डोंबिवलीला राहतो, मुलगा एकुलता आहे, नोकरीला आहे. मग आलं, "माझा मुलगा मद्यपान करत नाही."

मी "माझा मुलगा" एवढंच म्हणू शकले. चौकीत त्याला जवळ घेतलं, तेव्हा वास मलाही आला होता.

त्याने चष्मा काढून शर्टाला पुसला. "सावकाश. पहिल्यांदा सगळेच अडखळतात."

दुसऱ्यांदा "मद्यपान"पर्यंत पोचले. तिसऱ्यांदा वाक्य इतकं सफाईने निघालं, की मीच दचकले.

"आता बसलं," तो म्हणाला आणि पुढच्या ओळीला लागला.

मुलगा जामिनावर सुटला. हल्ली तो बाहेरून आला, की मी दारातच विचारते, "घेतलीयस का रे?"

"नाही गं आई," तो म्हणतो. जराही अडखळत नाही.