साडूंची चार चाकं

जगातली प्रत्येक वस्तू मुळात चकचकीतच जन्माला आली आणि पुढं केवळ माणसांच्या आळसामुळं काळवंडली, असं मनापासून मानणारा एकच माणूस मला ठाऊक आहे आणि तो नेमका माझा साडू निघाला. नळदुर्गच्या धाब्यावर जेवायला बसलो की साडू आधी आपला चमचा रुमालानं घासतात, मग माझा, मग शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी ट्रक ड्रायव्हरचा. आमच्या सासूबाईंनी दोन्ही लेकींना सारख्याच पितळी कळश्या दिल्या होत्या. साडूंनी त्या दोन्ही इतक्या निष्ठेनं घासल्या की वर घातलेली नावंच निघून गेली. आपली कळशी कोणती, यावरून दोघी बहिणी अजून धुसफुसतात. साडूंचं म्हणणं एकच, "नाव काय करायचंय? लकाकी बघा की!" मी आधी काय करायचं, मग काय करायचं, हे ठरवून काम करणारा माणूस. साडू मात्र कुठलंही काम मधूनच सुरू करतात आणि दोन्ही टोकांकडं एकाच वेळी निघतात.

तर ती गाडी. गाडी साडूंच्या थोरल्या भावाची. दादा असताना दर श्रावणात तिच्यातून वहिनींना येडशीच्या रामलिंगाला नेत. दादा गेले, गाडी पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली आणि वहिनींनी परत तिच्यात पाय ठेवला नाही. यंदा मात्र भाजी निवडता निवडता त्या म्हणाल्या, "येते मी रामलिंगाला. त्याच गाडीनं जाऊ." झालं! गाडी दादाच्या वेळी दिसायची तश्शीच दिसली पाहिजे, असं साडूंनी मनात घेतलं. मला फोन करून म्हणाले, "पाव्हणं, गाडी जरा येगळी दिसली तरी वहिनी दारातनं माघारी फिरंल. पुन्यांदा व्हय म्हणायची न्हाय." एरवी ते फोनवर हायवेला ऐकू जाईल असं बोलतात. त्या दिवशी त्यांचा आवाज अगदी बारीक होता.

धुतल्यावर गाडी उजळली, पण तिची अलॉयची चाकं काही उजळेनात. ती होती काळपट राखाडी आणि साडूंच्या हिशेबात राखाडी म्हणजे मळ. घरची तांब्याची भांडी ज्यानं निघतात, त्याच चिंच-मिठानं त्यांनी एक चाक माखलं आणि उन्हात ठेवलं. मळ जागचा हलला नाही, उलट वर पांढुरके चट्टे उठले. मग त्यांनी दुसऱ्या चाकाला पॉलिश पेपर लावला, ड्रिल मशीनला कापडी गादी बसवली आणि ते चाक चांदीसारखं लखलखीत काढलं. मी धाराशिवहून त्यांच्याकडं पोचलो, तेव्हा ते त्यात स्वतःच्या मिश्या बघत होते.

मी सहज विचारलं, "साडूभाऊ, हा मळच होता कशावरून? कंपनीचा रंगच राखाडी असला तर?"

साडू मटकन खाली बसले. "आँ? म्हंजी म्या दादाचा रंग खरडून काढला?"

तिथून जो गोंधळ सुरू झाला, तो माझ्याच्यानंही आवरला नाही. आधी जुने फोटो काढले. प्रत्येक फोटोत चाकापुढं कुणीतरी उभं होतं. कुठं आत्याबाईंचं नऊवारी लुगडं, कुठं सामानाच्या पिशव्या, एकात चक्क शेळी. एकाच फोटोत अर्धं चाक दिसत होतं, तेही चिखलानं माखलेलं. मग हायवेवरच्या पंक्चरवाल्या रफिकभाईंना विचारलं. ते म्हणाले, "भाऊ, दोनों आते थे. चांदीवाले भी, धुरकट भी. तुमच्या दादाचे कौनसे, मेरेकू काय याद?" माझी बायको छातीठोकपणे चांदी म्हणाली आणि तिची बहीण तितक्याच ठामपणे राखाडी. बहुधा कळशीचाच राग असावा. मी त्या गाडीतून कितीदा फिरलो होतो, पण मलाही काही आठवेना. इतकंच काय, माझ्या स्वतःच्या गाडीची चाकं कोणत्या रंगाची आहेत, हेही मला बाहेर जाऊन बघावं लागलं.

मी म्हटलं, आधी रंग ठरवू, मग हात लावू. साडू हो म्हणाले आणि लगेच तिसऱ्या चाकावर राखाडी स्प्रे मारून मोकळे झाले. तो निघाला निळसर. जायच्या दिवशी सकाळी एक चाक चांदीचं, एक निळसर, एक चट्ट्याचं आणि एक जसं होतं तसं. डावीकडून गाडी लग्नाला निघालेली दिसत होती, उजवीकडून पुरातून आलेली.

वहिनी पूजेची पिशवी घेऊन बाहेर आल्या. साडू निळसर चाकापुढं पाय फाकवून उभे राहिले, म्हणजे बाकीची तीन उघडीच पडली. शेवटी त्यांना राहवलं नाही. "वहिनी, दादाच्या टायमाला चाकं कशी होती वो? चांदीवानी का काळपट?"

वहिनी गाडीभोवती सावकाश फिरल्या. वाकून एकेक चाक बघितलं.

"मला काय म्हाईत, भाऊजी? ते हॉर्नवर हॉर्न वाजवायचे, मी पदर सावरत पळत येऊन बसायची. बाहेरनं गाडी मी कवा बघितली?"

एवढं बोलून त्यांनी पुढचं दार उघडलं आणि ड्रायव्हरशेजारी बसल्या. क्षणभर त्या समोर बघत राहिल्या. मग त्यांचा चेहरा बदलला आणि त्यांनी एक पाय परत बाहेर काढला. साडूंचा रंगच उडाला.

"ही सीट कुणी मागं सारली?"

आत झाडताना साडूंनीच सारली होती. ते दारापाशी गुडघ्यावर बसले आणि सीटखालचा दांडा ओढून ती पुढं ढकलू लागले.

"आता?"

"आजून जरा."

"आता?"

वहिनींनी पाय आत घेतला, पिशवी मांडीवर ठेवली आणि हात लांब करून समोरच्या डॅशबोर्डच्या खणावर टेकवला. "हां. अशीच होती."

साडू तरीही दांडा धरून तसेच खाली बसून राहिले. चाकं, रंग, लकाकी, सगळं ते विसरले असावेत. बऱ्याच वेळानं वहिनीच हळू आवाजात म्हणाल्या, "चला की भाऊजी. ऊन व्हायलंय."