ताप न आल्याची काळजी

आज सकाळपासून आभाळ भरून आहे, पण पाऊस नाही. झाडाचं पान हलत नाही. असल्या हवेत माझ्या सुनंदाचे पाय जास्तच जड होतात. लग्न झालेली पोर, पण नसांच्या या दुखण्यानं दोन वर्षं माझ्याकडंच आहे. राजारामपुरीतल्या एका दवाखान्यात त्यावरच्या नव्या औषधाची चाचणी चाललीय. दर महिन्याला तिला तिथं नेतो. बाकावर तीच तीच माणसं, तासन्‌तास बसलेली. किस्से साठणारच की.

पहिल्या दिवशी डॉक्टर मॅडमनी समजावलं, "निम्म्या लोकांना औषध, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय दिलं, ते मलाही कळणार नाही. याला डबल ब्लाइंड म्हणतात."

मलकापूरचे बंडूतात्या उठून उभेच राहिले. त्यांच्या पोराचा एक डोळा या दुखण्यानं आधीच अधू झालेला.

"डबल? म्हंजे दोन्ही डोळं? मग आमची सही न्हाय."

त्यांना समजवायला मॅडमना अर्धा तास लागला. हसलं कुणी नाही. मी पण हळूच सुनंदाच्या डोळ्यांकडं बघून घेतलं.

दुसऱ्या सुईनंतर कळंब्याच्या मालूताईंना ताप भरला. त्यांचे मालक पेढे घेऊन आले.

"ताप आला म्हंजे खरं औषध हाय की!"

झालं. घरी आल्यापासून मी सुनंदाच्या कपाळाला हात लावत सुटलो. गार. चौथ्यांदा लावला तशी ती म्हणाली, "आप्पा, लेकीला ताप यावा म्हणून देव पाण्यात घालून बसल्याला बाप पयल्यांदाच बघितला."

व्हरांड्यात पंचवीस फुटांवर पट्टी मारलीय. तेवढं अंतर घड्याळ लावून चालवतात. सुनंदा निघाली आणि माझ्या तोंडून सवयीनं गेलं, "सावकाश गं बाय, घाई न्हाय."

ती थांबलीच.

नर्सबाई म्हणाल्या, "आप्पा, जमेल तेवढं भरभर चालायचंय. आता परत घ्यावं लागणार."

तेव्हापासून त्या वेळेला मला जिन्यात बसवतात. आकडा काही सांगत नाहीत. विचारायचं धाडस मलाही होत नाही.

रोज पहाटे कोपऱ्यावरनं दूध सुनंदाच आणते, आजही आणलं. मघाशी शेजारच्या हौसाकाकू कुंपणापाशी आल्या, जरा घुश्श्यातच.

"आप्पा, सुनंदाची चप्पल घासत गेल्याचा आवाज आला की मी उठती. तीन दिस झालं, रोज उठायला उशीर व्हतोय. पोरगी सासरला गेली व्हय?"