वेळीप सिस्टरचा आठवा अर्ज

"गोव्याच्या का तुम्ही? मजा आहे बाई! रोज समुद्र!"

कुवेतमधल्या फहाहीलच्या क्लिनिकात नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी हे बोलले आणि समोरच्या ठेंगण्या, सावळ्या नर्सने हातातलं बँडेज खाली ठेवलं. मला नखशिखान्त न्याहाळलं. "कुठली गो तू?"

"श्रीगोंद्याची."

"म्हणजे महाराष्ट्र. मग रोज सिनेमावाले भेटत असतील तुला."

एवढं बोलून त्यांनी बँडेज पुन्हा उचललं. शेवंती वेळीप, हेड नर्स. पुढची सहा वर्षं मी लॅबमध्ये आणि त्या ड्रेसिंग रूममध्ये, मध्ये फक्त एक दरवाजा. तो दरवाजा त्या कधी लावत नसत, कारण त्यांना बोलायला माणूस लागे.

समुद्राचं उत्तर मला दोन दिवसांनी चहाच्या वेळी मिळालं. त्यांचा वाडा काणकोणच्या डोंगरात, जंगलाला लागून, ओहळाच्या पलीकडे. पंधरावीस घरं. समुद्र त्यांनी पहिल्यांदा पाहिला तो सातवीच्या सहलीत. "सगळी पोरं पाण्यात उड्या मारतायत, आणि मी वाळूत उभी राहून बाईंना विचारते, एवढं पाणी इथे फुकट पडलंय, मग आमच्या नळाला का येत नाही? बाईंनी कान पिळला. प्रश्न बरोबर असला की कान पिळतात, हे मला तेव्हाच कळलं."

वाड्यावर नळ होता. एकदा सर्वेक्षणवाला आला होता म्हणे, हातात टॅब घेऊन. त्याने विचारलं, नळ आहे का? सिस्टरच्या आईने त्याला तोंडभर शिवी घातली आणि म्हणाली, नळ आहे, पाणी विचार. तो म्हणाला, मावशी, पाण्याचा रकाना नाही. नळ आहे अशी नोंद करून बिचारा ओहळ उतरून गेला.

वेळीप सिस्टर मराठी शाळेत शिकलेल्या. त्यांचं मराठी पुस्तकी आणि कोंकणी यांच्या मधोमध कुठेतरी, चिडल्या की सरळ कोंकणी. पुतण्या त्यांना मोबाइलवर गावाकडच्या बातम्या पाठवायचा. आपलं राज्य शिक्षणात पुढे, आरोग्यात पुढे, राहणीमानात पुढे. त्या मोठ्याने वाचून दाखवत आणि वर म्हणत, "खोटं काय नाय हां. मीच बघ, बापाला अंगठा देता येत होता तेवढाच, आणि मी नर्स. राज्य हुशारच आहे. पण पहिल्या आलेल्या वर्गातपण एक नापास पोर असतं गो. मागच्या बाकावर. ते आमी."

हे बोलताना त्यांना स्वतःची कणव कधी आली नाही. कणव त्यांना सहसा कोणाचीच यायची नाही. राग यायचा, आणि रागातून कामं व्हायची. शुऐबाच्या एका कारखान्यातला कामगार अंगावर खाज घेऊन तिसऱ्यांदा आला. डॉक्टरांनी तिसऱ्यांदा मलम लिहिलं. सिस्टरनी त्याला बाहेर बाकावर बसवलं. "खोलीत किती जण?" "दस, सिस्टर." "आणि गाद्या?" त्याने पंजा पुढे केला. पाच गाद्या, दोन पाळ्या. एक कामावर गेला की दुसरा तिथेच झोपायचा. दुसऱ्या दिवशी त्यांनी दहाही जणांना बोलावून घेतलं, सगळ्यांना एकदम औषध दिलं आणि अंथरुणं उकळत्या पाण्यात घालायला लावली.

आमचे मुदीर, म्हणजे क्लिनिकचे व्यवस्थापक, इजिप्तचे. ते म्हणाले, "सिस्टर, कामगारांच्या गाद्या हा आपला विषय आहे का?"

"नाही सर," सिस्टर हिंदी-इंग्रजी-अरबीच्या खिचडीत म्हणाल्या. "हे दहा जण दर आठवड्याला येत राहिले तर क्लिनिकचं बरंच आहे. तुम्ही सांगा, मी गाद्या परत घाण करून येते."

मुदीरांनी हसू दाबलं. ते सिस्टरना घाबरत आणि सिस्टरशिवाय त्यांचं पानही हलत नसे.

मग तो जुलै आला. कुवेतमध्ये धुळीचं वादळ, खिडक्यांना ओले टॉवेल लावलेले, आणि तिकडे गोव्यात धो धो पाऊस. दुपारच्या सुट्टीत सिस्टर घरी व्हिडिओ कॉल करत होत्या. मी समोरच डबा खात होते. आई काहीतरी सांगत होती आणि सांगता सांगता तिची जीभ जड झाली. सिस्टर एकदम उभ्या राहिल्या.

"आवय, हास पळोवया! हास!"

आई हसली. अर्धंच तोंड हसलं.

"दादाक आपय! बेगीन!" त्या इतक्या जोरात ओरडल्या की बाहेरचे पेशंट आत डोकावले. भाऊ आला. सिस्टरनी त्याला सांगितलं, पक्षाघात आहे, आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलला ने. अॅम्ब्युलन्स आलीसुद्धा, अर्ध्या तासात. ओहळाच्या अलीकडे येऊन उभी राहिली. ओहळ दोन्ही काठ सोडून वाहत होता. चार गड्यांनी म्हातारीला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बांधून दोनदा पाण्यात पाय घातला आणि दोनदा मागे आले. पलीकडे निळा दिवा फिरताना दिसत होता, असं भाऊ फोनवर सांगत होता. पाणी उतरलं दुसऱ्या दिवशी सकाळी.

म्हातारी वाचली. हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी जिवापाड केलं, पैसाही लागला नाही. पण उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. "डॉक्टर देवमाणसं गो," सिस्टर म्हणाल्या. "पण देवळापर्यंत वाट पाहिजे." नंतर आठ दिवस त्या दरवाजा लावून काम करत होत्या.

हिवाळ्यात गावाकडचे एक पुढारी कुवेतला आले. गोंयकारांचा मेळावा ठरला, शहरातल्या एका हॉलमध्ये. सिस्टर मला म्हणाल्या, "चल. जेवण बरं असतं, शाकुती आहे." मी शाकुतीसाठी गेले. त्यांच्या पर्समध्ये अर्ज होता हे मला माहीत नव्हतं.

मोठा पडदा, पडद्यावर हिरवीगार चित्रं. पुढारी छान बोलले. रस्ते, शाळा, दवाखाने. शेवटी आवाज चढवून म्हणाले, "आज विकास आमच्या राज्यातल्या शेवटच्या माणसापर्यंत पोचला आहे!" टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्या तेव्हा माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती.

"साहेब," सिस्टर मधल्या वाटेत उभ्या राहून म्हणाल्या, "तुमचा तो शेवटचा माणूस ओहळाच्या अलीकडे राहतो. आमी पलीकडे."

हॉलमध्ये हशा पिकला. पुढारीही हसले. "बोला बाई, काय अडचण आहे?"

"पूल नाही. पावसात वाड्यावरचा आजारी माणूस वाड्यावरच राहतो. माझी आवय राहिली. खरं म्हणजे तीच आली असती तुमच्याशी बोलायला. तिला माझ्यापेक्षा चांगल्या शिव्या येतात. पण आता तिला बोलता येत नाही, म्हणून मी आले."

या वेळी कोणी हसलं नाही. पुढारी म्हणाले, "अर्ज द्या. बघतो मी."

"सात दिलेत. हा आठवा." त्या थेट मंचावर चढल्या आणि कागद त्यांच्या हातात दिला.

"होईल. लवकरच होईल."

"'लवकरच' आमीपण पेशंटांना म्हणतो साहेब. डॉक्टर घरून निघालेच नसले की."

शाकुती आम्हाला मिळाली नाही. आयोजकांनी आदराने दारापर्यंत पोचवलं.

कोणीतरी सगळं मोबाइलवर घेतलं होतं. दोन दिवसांत ते काणकोणपासून कुवेतच्या जहरापर्यंत फिरलं. आयोजकांपैकी एकाची आमच्या क्लिनिकच्या मालकांशी ओळख होती. मुदीरांनी सिस्टरना बोलावलं. लेखी माफीनामा द्या, नाहीतर इकामा पुढे वाढवणं कठीण आहे. इकामा गेला की कुवेतमधलं राहणंच संपलं. मी रडकुंडीला आले. सिस्टरनी माझ्याच टेबलावर बसून इंग्रजीत माफी लिहिली: 'मी भर कार्यक्रमात उभं राहून प्रश्न विचारला याबद्दल दिलगीर आहे. बाकी सगळे बसले होते, मीही बसूनच विचारायला हवा होता.'

मुदीरांनी ती वाचली. मग कागद ड्रॉवरमध्ये टाकून म्हणाले, "माझी आई नाईलच्या पलीकडे राहायची. जा, काम करा." इकामा वाढला.

पण तो त्यांनी वापरला नाही. उन्हाळ्यात मोजमापवाले वाड्यावर आले, काम सुरू झालं आणि दोन खांब उभे राहिल्यावर थांबलं. त्याच उन्हाळ्यात आई गेली. सिस्टर अंत्यविधीला गेल्या, पंधरा दिवसांनी परत आल्या आणि राजीनामा मुदीरांच्या टेबलावर ठेवला. "दोन खांब उभे आहेत," मला म्हणाल्या. "कावळ्यांची सोय झाली. माणसांची करायला कोणीतरी रोज डोक्यावर जाऊन बसायला हवं. भावाला ते जमत नाही, तो सज्जन आहे."

"आणि पोटाचं काय?"

"तिथे आरोग्य केंद्राला वाड्यावाड्यावर फिरणारी नर्स हवी आहे. दोन वर्षं जागा रिकामी. तिथे जायला कोणी तयार नाही, कारण पूल नाही." आणि त्या खो खो हसल्या.

विमानतळावर आम्ही सहासात जणी गेलो होतो. सगळ्या रडत होत्या, फक्त त्या बॅगचं वजन जास्त भरलं म्हणून काउंटरवाल्याशी भांडत होत्या. जाताना माझ्या हातात त्यांनी ड्रेसिंग रूमची किल्ली ठेवली. "नव्या नर्सला दे. आणि सांग, दरवाजा उघडा ठेव."

गेल्या ऑगस्टमध्ये मी सुट्टीवर आले तेव्हा मुद्दाम काणकोणला गेले. पूल झाला होता. साधाच, सिमेंटचा, एक रिक्षा जाईल एवढा. खाली ओहळ तांबडा, फुगलेला, आवाजाने बोलणं ऐकू येत नव्हतं. मी मध्यावर थांबून मोबाइल काढला.

"फोटो कसला काढतेस?" छत्रीखालून सिस्टर ओरडल्या. "पलीकडे बाळंतीण आहे. चल."

बाळंतीण विशीतली, नुकती लग्न होऊन त्या वाड्यावर आलेली. बाळ दहा दिवसांचं. सिस्टरनी त्याला झोळीत घालून काट्याला टांगलं. मी त्या मुलीजवळ बसले.

"दुखायला लागलं तेव्हा पाऊस होता का गं?"

"खूप होता."

"मग हॉस्पिटलात कशी गेलीस?"

तिला प्रश्नच कळला नाही. मी काहीतरी विचित्र विचारलंय अशा नजरेने तिने माझ्याकडे पाहिलं.

"रिक्षातून," ती म्हणाली.

सिस्टर काट्यावरचा आकडा वाचत होत्या. तो त्यांना बराच वेळ दिसेना.