शून्य फॅटचं पाणी

संयोगिता रांजणेला राग पटकन यायचा आणि आलेला राग लपवणं तिला कधी जमलं नाही. मेढ्याच्या वरच्या अंगाच्या एका गावात बायकांनी चालवलेली दूध डेअरी आहे, तिची ती सचिव. नवरा वीरधवल फौजेत, लांब सीमेवर. साताऱ्याला राहून कॉम्प्युटरचा कोर्स केलेली गावातली ती पहिली सून, त्यामुळे डेअरीत कॉम्प्युटर आला तेव्हा तो आपसूक तिच्या गळ्यात पडला. खरं सांगायचं तर तिने तो हौसेने घालून घेतला. जुन्या सिस्टीममध्ये व्हायरस शिरून सगळं पुसलं गेलं, तेव्हा हट्टाने लिनक्स बसवलं तेही तिनेच. फुकट आहे आणि रोगराई नाही, असं तिने बैठकीत ठासून सांगितलं होतं आणि त्यात काही खोटंही नव्हतं.

मग लिनक्सची नवी आवृत्ती आली. संयोगिताने ती मोठ्या उत्साहाने घातली आणि आगीतून फुफाट्यात पडली.

डेअरीत यंत्रं दोन. काटा सांगणार दूध किती लिटर आणि फॅटचं मशीन सांगणार दूध किती दाट. दोन्हींच्या वायरी कॉम्प्युटरला जोडलेल्या. नव्या आवृत्तीत कॉम्प्युटर चालू केला की कधीकधी या वायरींची अदलाबदल व्हायची. लिटरच्या खान्यात फॅट आणि फॅटच्या खान्यात लिटर. बरं, रोज झालं असतं तर बाईने वायरी कायमच्या उलट्या लावून टाकल्या असत्या. पण हे आपलं त्याच्या मनाला येईल तेव्हा.

तिने शोध घेतला, तर लिनक्स करणाऱ्यांच्या इंटरनेटवरच्या पानावर हा दोष चक्क लिहून ठेवलेला. ‘माहीत असलेले दोष’ असा मथळाच होता. एकाच बनावटीच्या दोन वायरी असतील तर त्यांची जागा बदलू शकते, दुरुस्ती पुढच्या आवृत्तीत होईल, तोवर चालू केल्यावर माहितीतलं माप देऊन खात्री करून घ्यावी. संयोगिताचं डोकं फिरलं. माहीत आहे तर दुरुस्त करा की! बाजारात मारकी म्हैस विकायची आणि ‘मारकी हाय बरं का’ एवढं सांगून मोकळं व्हायचं, त्यातलीच ही गत. दुसरी वायर मागवली, तीही त्याच जातीची निघाली. फोनवर वीरधवल म्हणायचा, "अगं, रीस्टार्ट मार, सुटंल." उंटावरून शेळ्या हाकायला त्याचं काय जात होतं?

शेवटी उपाय तिनेच काढला. सकाळी दार उघडलं की बादलीभर पाणी काट्यावर ठेवायचं आणि त्यातलंच थोडं फॅटच्या मशीनला द्यायचं. पाण्याला फॅट शून्य. हा शून्याचा आकडा फॅटच्या खान्यात आला तर ठीक, लिटरच्या खान्यात आला तर वायरी उलट लावायच्या. मग ते पाणी मागच्या दाराने केळीला ओतायचं. उपाय नामी होता. फक्त एक गोष्ट तिच्या ध्यानात आली नाही. दूध यायच्या आधी डेअरीची सचिव भरली बादली घेऊन आत जाते आणि बाहेर येते ती रिकामी घेऊन, हे रस्त्यावरून कसं दिसत असेल?

रस्त्यापलीकडे सुलाबाईचा गोठा. रोज रांगेत पहिला नंबर तिचा आणि बोलण्यातही. "संयोगिता दुधात पाणी घालतीया, म्या डोळ्यानं बगितलंय," हे तिने आठवड्याभरात गावभर केलं. वर जोडही दिली, "आन म्हनं फौजीची बायकू!"

डेअरीच्या अध्यक्ष चंद्राबाईंनी बायकांना गोळा केलं. चंद्राबाई वाईट नव्हत्या, पण गावाचं तोंड कसं धरणार? संयोगिताने वायरी दाखवल्या, पाण्याचं कारण सांगितलं. कोणाला काही कळलं नाही.

"मशीन चुकतंय म्हनतीस न्हवं? मग चुकताना दाव की," चंद्राबाई म्हणाल्या.

संयोगिताने कॉम्प्युटर बंद करून चालू केला. सगळं बरोबर. परत केला, तरी बरोबर. एरवी जीव खाणारं ते यंत्र त्या दिवशी शाळेतल्या शहाण्या पोरासारखं वागत होतं. चूक रे बाबा, एकदा तरी चूक, असा तिने मनातल्या मनात धावा केला. ते काही चुकलं नाही.

"बरूबर तर दावतंय. उद्यापास्नं पानी आत न्यायचं न्हाई," चंद्राबाई म्हणाल्या. "आन पुना कुनी तक्रार आनली, तर मला सचिव बदलावी लागंल. माझाबी विलाज न्हाई."

घरी येऊन संयोगिता संतापाने रडली. काम गेलं असतं तर तिने सोसलं असतं, पण पाणी घालणारी म्हणून जावं लागणं तिला सोसणारं नव्हतं. हे नाव एकदा लागलं की गावात ते म्हातारपणापर्यंत पुरतं.

काही दिवस सरळ गेले. मग एका सकाळी ऐन वेळेला वीज गेली, आली आणि कॉम्प्युटर नव्याने चालू झाला. रांगेत पुढे अर्थात सुलाबाई. तिची म्हैस चार लिटर देणार आणि फॅट सात लागणार, हे सगळ्या रांगेला पाठ. सगळ्यांना माप दिसावं म्हणून भिंतीवर लावलेल्या दिव्यांच्या पाटीवर आकडे उमटले: सात लिटर, फॅट चार.

माप वाढलेलं आणि दूध पातळ! पाणी घातल्याचा याहून सरळ पुरावा डेअरीत दुसरा नसतो. मागून कोणीतरी खुसखुसलं, "म्हंजी पानी हिकडं व्हतं व्हय."

सुलाबाईचा चेहरा उतरला. संयोगिताला बरं वाटलं, अगदी आतून बरं वाटलं. पावती तशीच छापायची, एवढंच करायचं होतं. बोट बटणावर गेलंही. मग तिने हात मागे घेतला, त्या यंत्राला मनातल्या मनात एक शिवी हासडली आणि वायरी उपसल्या.

"हसू नगासा," ती म्हणाली. "यंत्रानं उलटं दावलंय. काकीचं दूध चार लिटर हाय आन फॅट सात."

सुलाबाईने तिचा हात धरला. "माज्या दुधात पानी न्हाई गं. तुला ठावं हाय न्हवं?"

"ठावं हाय. रोज सकाळी तुमी माज्या म्होरं हुब्या ऱ्हाताय, काकी. तुमी कशा हायसा, ते मला यंत्राला इचारावं लागलं न्हाई."

सुलाबाईने हात सोडला. एकदा पाटीकडे बघून ती रांगेकडे वळली.

"ऐका गं समद्याजणी," ती म्हणाली. "म्या बादली आत जाताना बगितली व्हती. दुधात पानी पडताना न्हाई बगितलं."