प्रोटीनचा रिपोर्ट आणि माझं सोवळं

मी स्वतःला देवीची भक्त म्हणवून घेते. पण त्या दिवसांत हात जोडून मी तिच्याकडं जे मागत होते, ते सांगायला आजही जीभ रेटत नाही.

सुमन माझ्या धाकट्या दिराची बायको. तिला पाळी नसतानाही रक्त जायला लागलं, ते थांबेचना. आमचं घर केजजवळच्या खेड्यातलं, देवीच्या नेमाचं, आणि त्या नेमांची राखणदार मी. सात महिने मी तिला बाहेर पडवीत बसवलं. ताट वेगळं, अंथरूण वेगळं. देवघराकडं तिची सावलीसुद्धा पडू दिली नाही. कुणी दवाखान्याचं काढलं की मी म्हणायची, बाईच्या जातीला हे चालायचंच. शेवटी गावातल्या आशाताई माझ्याशी भांडून तिला तपासायला घेऊन गेल्या. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर निघाला.

दीर ऊसतोडीला लांब गेलेला, म्हणून शहरातल्या दवाखान्यात शेकासाठी, म्हणजे रेडिएशनसाठी, तिच्यासोबत मी गेले. किती दिवसांपासून जातंय, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तर सुमनच्या आधी मीच बोलले, दोन महिने. चोराच्या मनात चांदणं. त्यांनी सांगितलं, गाठीच्या तुकड्यात एक प्रोटीन तपासतात. त्यावरून शेकानंतर बाई किती तग धरेल याचा थोडा अंदाज येतो. झालं, माझा जीव त्या रिपोर्टात अडकला. दवाखान्याच्या गेटजवळच्या देवळातल्या देवीपुढं मी रोज उभी राहायची. सुमन जगू दे, असं नव्हते मागत मी. प्रोटीनच वाईट निघू दे, म्हणजे दोष गाठीचा ठरेल, माझ्या सात महिन्यांचा नाही, असं मागत होते. इतकी हलकी झाले होते मी.

एका दुपारी शेकाच्या रांगेतच सुमनची साडी रक्तानं भरली. माझा हात पुढं होईना, इतक्या वर्षांचं सोवळं अंगात मुरलेलं. शेजारची एक अनोळखी म्हातारी उठली, तीही शेकालाच आलेली. तिनं सुमनला धरून न्हाणीत नेलं, पिशवीतलं आपलं धुतलेलं लुगडं नेसवलं आणि ती साडी नळाखाली घेतली. मी म्हटलं, "मावशी, इटाळाचं हाय ते."

वर न बघता ती म्हणाली, "दुखण्याचं हाय, बाई. धर, पीळ."

मी पिळलं. पिळता पिळता हुंदका आवरेना, कुणाला तोंड दाखवावंसं वाटेना. पुढं तिला खूप शोधलं, ती दिसली नाही. ती कोण होती हे मी ठरवायला जात नाही. त्या दिवसापासून माझं ते मागणं मात्र थांबलं.

रिपोर्ट मधलाच आला, ना चांगला ना वाईट. एवढ्यावरून काही सांगता येत नाही, शेक पुरा करा, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग मी माझं खोटं कबूल केलं आणि विचारलं, सात महिने आधी आणलं असतं तर? त्या म्हणाल्या, "बरं झालं असतं."

सुमनला मी सगळं सांगितलं, देवीकडं काय मागितलं तेही. ती म्हणाली, "बाहेर बसवलं त्याचं काय न्हाई, अक्का. पण इतक्या दिवसांत एकदा बी काहून इचारलं न्हाई, दुखतंय का म्हणून?"

ती किती जगेल, हे मी आता देवीवर सोडलंय. माझं मागणं जिनं ऐकलं नाही, त्या माउलीचे उपकार कसे फेडू? त्या संध्याकाळी थोरलेपण विसरून मी सुमनच्या पायावर हात ठेवला आणि विचारलं, दुखतंय का.

"लई," ती म्हणाली, आणि तिनं माझा हात काढू दिला नाही.