मद्रासच्या इस्पितळात सोडलेला काष्टा

नर्सने मनूच्या लुगड्याचा काष्टा ओढला आणि त्याच्याबरोबर माकडहाडावरची कातडी निघून आली. खालचं मांस काळं पडलं होतं. खोलीभर वास सुटला. मनू, माझी सून, पालथी होती. तिला काहीच कळलं नाही.

"आत्या, सगळ्या गप्प का झाल्या?" तिने विचारलं.

"काही नाही. पडून राहा," मी म्हणाले.

मद्रासला उतरून आम्हाला तासही झाला नव्हता. सोलापूरला वाळवण घालताना मनू माळवदावरून पडली आणि पाठीचा मणका मोडला. कमरेखाली चिमटा काढला तरी समजेना. तिथल्या डॉक्टरांनी मद्रासचं इस्पितळ सुचवलं. मुलाला गिरणीतून रजा मिळेना, म्हणून मी आणि मनूची आई, आम्ही दोघी विहिणी निघालो. निघताना विहीणबाईंनी लेकीला नीट नऊवारी नेसवलं, मागे काष्टा घट्ट खोचला. मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. गाडीत ती रात्रभर आणि दिवसभर त्या बोळ्यावर उताणी पडून होती. लुगडं ओलं झालं तेही तिच्या अंगाला जाणवलं नाही आणि वासावरून कळलं तेव्हा आम्हाला सांगायची तिला लाज.

नर्स तंजावरकडच्या मराठी घरातली होती. मराठी आपल्या आजीच्या वेळची, चाल मात्र तमिळ.

"हा बोळा कोणें खोंविला?"

"मी," विहीणबाई म्हणाल्या. "लेकीला काय उघडी आणू?"

"झांकोन मांस कुजविलें, अम्मा. आजपासोन लुगडें नाही. चादर मात्र."

मोठ्या डॉक्टरांनी जखम पाहिली. ते बोलले ते नर्सने आम्हाला सांगितलं. मणक्याचं पुढे पाहू, आधी ही जखम. हिचं विष रक्तात गेलं तर पोरगी वाचणार नाही. संध्याकाळपर्यंत मनूला ताप भरला.

त्या वॉर्डात नातेवाइकांनी नुसतं उशाशी बसायचं नसे. दर दोन तासांनी रोग्याची कूस बदलायची आणि तिघींनी मिळून बदलायची. एक खांद्याशी, एक कमरेशी, एक पायांशी. लाकडाचा ओंडका फिरवावा तसं सगळं अंग एकदम फिरलं पाहिजे, मणका पिळता कामा नये. आम्ही दोघीच. तिसरी पलीकडच्या खाटेवरून आली. मुनियम्मा, मद्रासजवळच्या कोवळमची कोळीण. मासळीच्या बैलगाडीखाली येऊन तिच्या बहिणीचाही मणका मोडला होता. विहीणबाईंनी पदर नाकाला लावला. मुनियम्मा तमिळमध्ये काहीतरी फटकन बोलली आणि नर्स हसली.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणते, माझा वास साबणानें जातो. तुमच्या पोरीचा आधीं घालवा."

विहीणबाईंनी पदर खाली घेतला. मुनियम्माने "ओण्णु, रेंडु, मूणु" (एक, दोन, तीन) म्हटलं आणि आम्ही मनूला वळवलं. मग तिच्या बहिणीला. पुढे रोज तसंच चाललं.

जेवायला इडली, भात आणि रसम (चिंचेचं पातळ सार). भाकरी कुठे मिळेना. भाताने माझं पोट भरत नसे, पण तक्रार कोणाकडे करणार? विहीणबाई मात्र रसमाच्या वाट्यांवर वाट्या प्यायच्या.

एकदा मोठे डॉक्टर शिकाऊ डॉक्टरांना घेऊन आले. त्यांना काष्टा कसा खोचतात ते बघायचं होतं. विहीणबाई लाजल्या, मग चिडल्या. "मी काय नाटकातली आहे?" मी म्हटलं, "खोचा की. तुमच्याच हातचं काम आहे." त्यांनी माझ्याकडे जळजळीत पाहिलं, पण पुरुषांसमोर उभं राहून सगळ्या निऱ्या मागे घेऊन दाखवल्या. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढलं. इथून पुढे नऊवारी नेसलेली बाई आली की आधी तिथे बघायचं, असं त्यांनी पोरांना बजावलं. विहीणबाई नंतर बराच वेळ रडल्या. मी त्यांना रडू दिलं.

ताप चढत होता, उतरत होता. इंजेक्शनं चालू होती, मेलेलं मांस कापून काढत होते. एका सकाळी आम्ही मनूला पालथी केली तर ती उशीत तोंड घालून म्हणाली, "आत्या, लग्न झाल्यापासून तुमच्याकडे अशी पाठ कधी केली नव्हती." मी तिच्या मानेला हात लावला. मान घामाने ओली आणि गार होती, ताप उतरला होता.

"बोलायला लागली बया," मी म्हणाले आणि पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर गेले.

जखम हळूहळू काळ्याची लाल झाली, मग कडेने भरत आली. मुनियम्माची बहीण आमच्या आधी घरी गेली. मनू चाकांच्या खुर्चीत बसायला शिकत होती तेव्हा एका दुपारी विहीणबाईंना तिच्यापाशी ठेवून मी बसने कोवळमला गेले. समुद्र मी पहिल्यांदाच पाहिला. पाणी पुष्कळ आहे, त्याहून जास्त काय सांगू? वाळूत होड्या ओढून ठेवल्या होत्या. मुनियम्माची बहीण झोपडीच्या दारात पोत्यांवर कुशीवर पडून जाळं दुरुस्त करत होती. मुनियम्मा तिला ओरडत होती, बहुतेक कूस बदल म्हणून. मला शहाळं दिलं. एकमेकींची भाषा येत नव्हती. तरी वेळ बरा गेला.

परतताना मनूला मी शिवलेला सैल झगा घातला होता आणि गाडीत आम्ही तिला सारख्या वळवत होतो. सोलापूरला मुलगा स्टेशनवर आला होता. बायको बसलेली पाहून तो खांबाला टेकून उभाच राहिला.

लोक विचारतात, एवढ्या लांब जाऊन पाय आले का? नाही आले. आम्ही मद्रासला पायांसाठी गेलो होतो, ते काम झालं नाही. ज्याने पोरगी जाणार होती ते मणक्यात नव्हतंच, ते आम्हीच नेसवून नेलं होतं.

मनू जगली. मुनियम्माची बहीणही जगली.