रोलंड पेप्लोच्या गाडीतला हीटर

रोलंड पेप्लोचा खांदा गेला, पण तोंड शाबूत राहिलं. सगळी गोची तिथेच झाली.

हा माणूस इंग्लंडातल्या किडरमिन्स्टर गावी गालिच्यांच्या कारखान्यात जन्मभर माग दुरुस्त करत आला. निवृत्त झाल्यावर लोक गुलाब लावतात, मासे पकडतात. ह्याने सुट्या भागांची स्पोर्ट्स गाडी मागवली. एक सांगाडा, फायबरचं अंग आणि खोकीच खोकी. इंजिन मोडीतल्या एका दांडग्या गाडीचं. बाकी सगळी जुळणी घरामागच्या गराजमध्ये, स्वतःच्या हातांनी. आणि त्याची बायको ग्लेनिस टॉर्च धरून शेजारी उभी.

"डावीकडे धर. अगं, माझ्या डोळ्यात नको, नटावर!"

असा संसार कैक वर्षं चालला. शेवटी गाडी झाली बरं का! हिरवीगार, लांब नाकाची, वर छप्पर नाही की बाजूला काचा नाहीत. पुढे एवढं जड इंजिन, खाली रुंद टायर, त्यामुळे उभ्या गाडीचं स्टिअरिंग फिरवायचं म्हणजे दळण दळण्यासारखं काम. रोलंडला त्याचाच कोण अभिमान! "छप्पर, हीटर आणि पॉवर स्टिअरिंग," तो पबमध्ये ग्लास आपटून सांगायचा, "ज्यांना हवं त्यांनी घरी सपाता घालून बसावं."

नुसतं बोलून थांबला असता तर रोलंड कसला. हौशी गाडीवाल्यांच्या क्लबातल्या माल्कम स्प्रॅगची मनगटं दुखायची. त्याने बिचाऱ्याने आपल्या गाडीला विजेवर चालणारं पॉवर स्टिअरिंग बसवलं आणि चारचौघांत सरळ सांगितलंही. तर ह्या रोलंडने क्लबाच्या जेवणात उभं राहून, भाषण ठोकून, माल्कमला चौकडीच्या लोकरी सपाता भेट दिल्या. लोक हसून हसून लोळले. माल्कमने सपाता घेतल्या, "थँक्यू" म्हटलं आणि पुडिंग खायला बसला.

आणि पुढच्याच हिवाळ्यात रोलंडचा उजवा खांदा धरला. डॉक्टर म्हणाली, झीज आहे, आता हा असाच राहणार. गाडी गराजमधून काढताना रोलंडच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ग्लेनिसने स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं पाहिलं. ती म्हणाली, "रोलंड, वळवता येत नसेल तर विकून टाकू या. चांगली आहे तोवर कुणीतरी आनंदाने नेईल."

विकायची! त्या दिवशी तो गाडीत नुसता बसून राहिला आणि खरं सांगायचं तर रडला. पॉवर स्टिअरिंग बसवलं तर गाडी राहील, पण नाक जाईल. बसवलं नाही तर नाक राहील आणि गाडी जाईल. मग ह्याने तिसरी वाट काढली. बसवायचं, पण कुणाला सांगायचं नाही. बायकोलासुद्धा नाही, कारण ग्लेनिस चर्चच्या गायनवृंदात गाते आणि तिथे गेलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी अख्ख्या गावात असते.

मोडीच्या अड्ड्यावरून त्याने बाजारहाटाला न्यायच्या एका चिमुकल्या गाडीचा स्टिअरिंगचा दांडा, त्याला जोर देणाऱ्या विजेच्या मोटरीसकट, उचलला. ग्लेनिस गाण्याच्या तालमीला गेली की हा डॅशबोर्डखाली उताणा. जुना दांडा काढला, नवा बेताने बसवला, सांधे दहादा तपासले. कामात माणूस पक्का, त्याबद्दल बोलायला जागा नाही. मोटरीने किती जोर लावायचा हे ठरवायला एक डबी पोस्टाने मागवली आणि तिचं बटण डॅशबोर्डच्या कडेला लावलं. डावीकडे फिरवलं की स्टिअरिंग जड, उजवीकडे फिरवलं की लोणी.

आता डॅशबोर्डवरची सगळी नावं ग्लेनिसने बारीक ब्रशने रंगवलेली. तिला नवं बटण दिसणारच.

"हे कसलं रे?"

रोलंड उगाच बटण पुसायला लागला. "हं... हीटर."

"हीटर? तू? माझ्यासाठी?" ग्लेनिसचे डोळे भरून आले. बिचारी गाडीत कायम मांडीवर घोंगडी आणि पोटाशी गरम पाण्याची रबरी पिशवी घेऊन बसायची. तिने लगेच ब्रश आणला आणि सुरेख अक्षरात 'हीटर' असं रंगवलं. खाली एक छोटं फूलही काढलं. ते फूल पाहून रोलंडला भुईत गडप व्हावंसं वाटलं.

क्लबाचा उन्हाळ्यातला मेळावा आला. इंग्लंडचा उन्हाळा, म्हणजे वारा असा की कान गळून पडावेत. मेळाव्याचा रिवाज असा की पबच्या हिरवळीवर एकेकाने येऊन गाडी उलटी घेत ओळीत लावायची आणि बाकीच्यांनी चहाचे कप घेऊन बघत उभं राहायचं. बघत म्हणजे काय, सोलून काढत! रोलंडने बेत पक्का केला होता. बटण अर्ध्यावर ठेवायचं आणि उरलेला जोर तोंडाने दाखवायचा. कण्हायचं, दात खायचे, म्हणजे कुणाला संशय नको.

वाटेत ग्लेनिसचा हात दोनदा बटणाकडे गेला.

"हात लावू नकोस!"

"अरे, पायांचा बर्फ झालाय माझ्या!"

"तापायला वेळ लागतो त्याला."

"मगाशी जरासा वाढवला होता तर लगेच बरं वाटलं मला," ग्लेनिस म्हणाली. मनाचा खेळ, दुसरं काय! रोलंडने बटण हळूच पुन्हा अर्ध्यावर आणलं.

हिरवळीवर पोचले. "आला आला, पैलवान आला!" कुणीतरी ओरडलं. रोलंडने गाडी उलटी घेतली, मान मागे वळवली, चेहरा बाळंत होणाऱ्या बाईसारखा केला. त्याची पाठ वळलेली बघून ग्लेनिसने संधी साधली आणि बटण पार शेवटपर्यंत फिरवलं. त्याच क्षणी रोलंडने नाटकी आरोळी ठोकून सगळ्या अंगाचा भार स्टिअरिंगवर टाकला.

स्टिअरिंग भिंगरीसारखं गरकन फिरलं. गाडीने शेपूट वळवलं, चहाच्या टेबलाला ढुशी दिली आणि मागच्या कुंपणात जाऊन बसली. लिंबाचा केक गवतावर. माणसं सगळी जागच्या जागी धड, पण तोंडं उघडी.

"मी फक्त हीटर वाढवला!" ग्लेनिस किंचाळली.

माल्कम शांतपणे पुढे आला. वाकून त्याने बटण पाहिलं, फूल पाहिलं, मग डॅशबोर्डखाली मान घातली. बराच वेळ तो तिथेच होता. बाहेर आला तो म्हणाला, "ग्लेनिस, हीटर फार उत्तम आहे. माझ्याकडेही असलाच आहे."

आधी कुणाला कळेना. मग कळलं, आणि जो हशा उठला तो नदीपलीकडे ऐकू गेला असेल. माल्कम आपल्या गाडीकडे गेला, डिकीतून चौकडीच्या सपाता घेऊन आला आणि रोलंडच्या मांडीवर ठेवल्या. "मी रोज घालतो. फार ऊबदार आहेत. आता तुझी पाळी."

रोलंडने काय करावं? बूट काढले आणि घातल्या. चढवलेलं नाक उतरवायला दुसरी जागाच नव्हती. "चुकलो, माल्कम," तो म्हणाला. "खरंच चुकलो."

ग्लेनिस मात्र हसत नव्हती. "म्हणजे ह्या बटणाने स्टिअरिंग हलकं होतं? किती?"

"एका बोटाने फिरतं."

तिने आपणच रंगवलेल्या फुलावर बोट ठेवलं. "गाडी झाली त्या दिवशी मी चालवायला मागितली होती. मला वळवता आली नाही. तेव्हा तू काय म्हणालास, आठवतं?"

रोलंडला आठवत होतं. ही मनगटाची गाडी आहे ग्लेनिस, तुझी नव्हे. त्यावर ती उतरून चहा करायला निघून गेली होती आणि पुन्हा कधीही तिने विचारलं नव्हतं. खांद्याची कळ बरी, असं दुखलं त्याला.

"उतर," ग्लेनिस म्हणाली.

केकचे उरलेले तुकडे खाऊन झाल्यावर, साऱ्या क्लबाच्या टाळ्यांत, ग्लेनिसने गाडी हिरवळीवरून बाहेर काढली. रस्त्याला लागल्यावर तिने बटण स्वतःच बेताचं केलं. शेजारी रोलंड, पायांत सपाता, मांडीवर घोंगडी, खांद्यावर गरम पाण्याची पिशवी. विकण्याची गोष्ट पूर्ण वाटभर तिने काढली नाही.

घराशी आल्यावर ती म्हणाली, "गराजमध्ये उलटी घालते. आत अंधार आहे, जरा उभा राहा."

रोलंड सपाता फरफटत आत गेला, फळीवरचा टॉर्च उचलला आणि भिंतीशी उभा राहिला. गाडी हळूहळू मागे येऊ लागली. ग्लेनिसने मान वळवली.

"उजवीकडे धर. अरे, माझ्या डोळ्यात नको, भिंतीवर!"